उताणा

हॉट डॉग फिरवायचं यंत्र आहे आमच्या प्रयोगशाळेत,
पेट्रोल पंपावरच्या दुकानात असतं तेच,
फक्त तापायची तार काढून टाकलेली.
त्याच्या दांड्यांवर मी काचेच्या कुप्या लोळत ठेवते.
आत ॲसिटोन, ॲसिटोनमध्ये औषध.
ॲसिटोन उडून जातं,
औषध काचेला धरून राहतं. दिसत नाही.

औषधच म्हणते मी अजून.
डार्लीनला सांगितलं एकदा, आमच्या गावी
माणसाच्या खोकल्याचं आणि किडीचं, शब्द एकच.
ती म्हणाली, चव बघून ओळखता?

जुलैचा तिसरा आठवडा. क्राउली, लुईझियाना.
हवा पेजेसारखी.
शीतपेटीतून ढेकणे येतात, हिरव्या लोंब्यांसकट:
ईगल लेकचे, टेक्सासातून,
वायनरचे, वर आर्कान्सातून,
आणि आमचे, मर्मेंटो नदीच्या अलीकडचे.
जात एकच. गवताच्या रंगाची तीच ढाल,
खांद्यांवर पुढे रोखलेले तेच दोन काटे,
आणि झाकण उघडताच तोच वास,
कोथिंबिरीची जुडी पिशवीत आठवडाभर विसरल्यासारखा.

बारा कोसांवर भाषा बदलते.
इथे मात्रा बदलते.
वायनरचा कुपीत पाय ठेवतो आणि तासाभरात आडवा.
आमचा धडपडतो, मग आडवा.
ईगल लेकचा मात्र काचेवरून असा फिरतो
जसा जावई सासऱ्याचं नवं घर बघत फिरतो,
इथे हात लाव, तिथे ठोकून बघ.

तिकडे भात आधी निसवतो, म्हणून फवारा आधी.
मग पुन्हा. मग खोडव्यावर पुन्हा.
मेले ते मेले.
माझ्या कुपीत आलीत ती न मेलेल्यांची नातवंडं.

मेला कशाला म्हणायचं ते कागदावर ठरलंय:
चोवीस तासांनी ब्रशच्या टोकानं उताणा करायचा.
दहा सेकंदांत पालथा झाला, तर जिवंत.
नाही झाला, तर मेला,
पाय हलत असले तरी.
मी मनात मराठीत मोजते. दहा जरा लवकर होतात.

युलिस ग्विड्री बाहेर ट्रकमध्ये बसलाय, एसी लावून.
सत्तरीचा माणूस. त्याच्या शेतातले दहा, कुपी क्रमांक अकरा.
सकाळीच फोनवर विचारत होता,
मिस वैजू, माझे ढेकणे टेक्सन तर नाही ना निघाले?
नेहमीचं स्वस्त औषध मारू, की ते नवं, तिप्पट भावाचं?

उताणे आठ. तक्त्यात आठ लिहिले.
कॉफी घेतली, डार्लीनच्या नातीचे फोटो बघितले,
कुप्या धुवायला उचलल्या तेव्हा सव्वीसावा तास चालू होता.
अकरा नंबरमध्ये चार जण उभे.
चारातला एक मिशी पुसत होता.

नियम चोवीसचा आहे.
सगळ्यांना तोच; ईगल लेकला, वायनरला.
एकाला दोन तास जास्त दिले
तर कुणाशी कुणाची तुलना करणार?
हे मीच शिकवते, दर उन्हाळ्यात, कॉलेजच्या पोरांना.

मी कुपी घेऊन बाहेर गेले.
तक्त्यात ऐंशी टक्के, म्हटलं.
युलिसनं काच खाली केली, कुपी उन्हात धरली,
चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघितलं.
मग म्हणाला, आणि तक्त्याच्या बाहेर?
मी काही बोलले नाही.
आत त्यानं, त्या मिशीवाल्यानं,
बुचापर्यंत चढून परत खाली यायला सुरुवात केली होती.

तू तुझा आकडा ठेव, युलिस म्हणाला,
मी ह्याला विचारून ठरवतो.

तक्त्यात आठच राहिले.
शेजारी पेन्सिलीनं मी लिहिलं: दोन उठले, नंतर.
देवनागरीत.
डार्लीननं विचारलं, ही काय नक्षी?